इथे सुशिक्षित लोक राहतात

एका रविवारी सकाळी सव्वाअकराला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो पडला. फोटोत पांढरी मारुती ८०० आहे. तिची पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलीत, बॉनेट उघडं आहे आणि गाडीखालून चार पाय बाहेर आलेत. दोन माझे. उरलेले दोन आमच्या वॉचमनमामांचे, युनिफॉर्मच्या निळ्या पँटीतले. खाली मेसेज : ‘पार्किंगमध्ये गॅरेज सुरू झाले आहे का? कमिटीने लक्ष द्यावे.’ मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची ओळ : ‘इथे सुशिक्षित लोक राहतात, याचे भान ठेवावे.’

या ओळीला सतरा अंगठे पडले. मी मोजले. हे लिहायला बसलोय ते त्या सतरा अंगठ्यांमुळे.

गाडी बाबांची. २००७ साली त्यांनी ती नवी घेतली, पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस काढून आणखी पाच वर्षं वाढवून घेतली. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये गुरगावच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि शेवटची जानेवारी २०१४ मध्ये. मधल्या तीस वर्षांत या देशातल्या कितीतरी घरांची ती पहिली गाडी झाली. आमचीही. ती विकायचा विषय निघाला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात.

यंदा पावसाळ्याआधी कात्रजच्या घाटात ती दमायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, पण गाडी आपल्याच चालीनं चालायची. क्लचचा पाय जवळजवळ पूर्ण सोडेपर्यंत गाडी पकडायची नाही. नंतर एक जळका वास यायला लागला. तो ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्यानं सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता हाफ क्लचवर अर्धा तास काढावा.

क्लच म्हणजे काय, हे दोन मिनिटांत सांगतो. इंजिनच्या टोकाला एक जड लोखंडी चकती सतत फिरत असते, ते फ्लायव्हील. तिच्यावर सहा बोल्टांनी बसवलेलं झाकण म्हणजे प्रेशर प्लेट, त्यात एक पसरट स्प्रिंग. या दोघांच्या मध्ये सँडविचमधल्या काकडीसारखी दाबून धरलेली असते ती क्लच प्लेट, आणि तिच्यातून गिअरबॉक्सचा शाफ्ट जातो. पाय वर असतो तेव्हा स्प्रिंग काकडीला आवळून धरते आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत जाते. पाय दाबला की केबल ओढली जाते, एक बेअरिंग पुढे सरकून स्प्रिंगच्या बोटांवर दाब देतं, पकड सुटते. बास. एवढंच यंत्र. दर वेळी पकडताना प्लेटवरचं अस्तर थोडं घासतं. घासण्यासाठीच ते बनवलेलं असतं. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटरनंतर ते संपलं, तर गाडीनं तुमचा काही विश्वासघात केलेला नसतो.

अधिकृत वर्कशॉपनं मला नऊ हजार दोनशेचं एस्टिमेट दिलं. त्यात ‘फ्लायव्हील चेंज (इफ रिक्वायर्ड)’ अशी एक ओळ होती, जिचे पैसे आधीच बेरजेत धरलेले होते. काउंटरवरचा मुलगा माझ्याच वयाचा, टाय लावलेला. मी विचारलं, ‘फ्लायव्हील खराब आहे का?’ तो म्हणाला, ‘सर, ते उघडल्यावर कळेल.’ मग आत्ताच बेरजेत कसं? ‘सर, सिस्टिम तसं घेते.’ आणि जरा जवळ येऊन, अगदी आपुलकीनं, ‘सर, एवढा खर्च करण्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये देऊन टाका ना.’

मला त्याचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचा, कारण मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. तिसऱ्या वर्षाला सिंगल प्लेट क्लचची आकृती मी पेन्सिलीनं, शेडिंगसकट काढली आहे, आठ मार्कांना. युनिफॉर्म प्रेशर थिअरी आणि युनिफॉर्म वेअर थिअरी यांतली कुठली जुन्या क्लचला लावायची आणि कुठली नव्या, हे मला आजही झोपेत सांगता येईल. गणितं सोडवून डिस्टिंक्शन मिळवलं, कॅम्पसमधून हिंजवडीला लागलो आणि तेव्हापासून कीबोर्ड बडवतोय. खरा क्लच मी एकतीस वर्षांच्या आयुष्यात एकदाही हातात घेतलेला नव्हता. काउंटरवर एक टाय लावलेला माणूस ‘उघडल्यावर कळेल’ म्हणतोय आणि समोरचा इंजिनियर मान डोलावतोय, असं ते दृश्य होतं.

म्हणून मी ठरवलं. क्लच सेट आणला, प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मिळून अडीच हजारांना. लोखंडी घोड्या भाड्यानं आणल्या. (या आणाच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणारा माणूस शूर नसतो, मूर्ख असतो. जॅकचं सील कधी बसेल ते जॅकलाही माहीत नसतं. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, गाडी घोड्यांवर टेकवायची, हलवून बघायची, मगच खाली शिरायचं.) खाली ताडपत्री, ताडपत्रीवर पुठ्ठे. आणि मोबाइल टायरला टेकवून, व्हिडिओ सुरू.

पहिल्या रविवारी मी आणि मावसभाऊ. बॅटरीची तार काढली, गिअर ऑइल परातीत सोडलं (आईला अजून सांगितलेलं नाही), क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल, गिअरचा रॉड, स्टार्टर, मग पुढच्या चाकांना ताकद नेणारे दोन्ही शाफ्ट. व्हिडिओत त्याला चार मिनिटं लागतात. आम्हाला चार तास लागले. एक बोल्ट वरच्या बाजूला असा बसवलाय की तो दिसत नाही, फक्त बोटांना जाणवतो. त्याच्यासाठी गोटीला दोन एक्स्टेन्शन जोडून डोळे मिटून काम करावं लागतं. इंजिनच्या चेंबरखाली फळी आणि दुसरा जॅक लावला आणि शेवटी गिअरबॉक्स हलला. तो दोघांनी धरून, शाफ्ट वाकणार नाही असा सरळ ओढत खाली घेतला तेव्हा मावसभाऊ म्हणाला, ‘बाळंतपण झालं.’

जुनी प्लेट हातात आली. अस्तर पार रिवेटांपर्यंत गेलं होतं. फ्लायव्हीलवर हात फिरवला. गुळगुळीत. पॉलिश पेपर मारून पुसून घ्यायचं, एवढंच काम. ज्याचे पैसे आधीच बेरजेत होते ते फ्लायव्हील ठणठणीत होतं. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

आता माझी अब्रू. नवी प्लेट बसवली, सगळं उलट क्रमानं जोडलं, रात्री आठ वाजता गाडी सुरू केली, आणि गिअर पडेना. क्लच दाबूनही पडेना. बंद गाडीत पडायचा, चालू गाडीत दात करकरायचे. केबल ताणून बघितली, ढिली करून बघितली. दुसऱ्या दिवशी आमच्या चौकातल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘प्लेटचा फुगा कुठल्या बाजूला ठेवला?’ मी उत्तर द्यायच्या आत त्यांना कळलं. प्लेटच्या मधला, स्प्रिंगांचा उंचवटा गिअरबॉक्सकडे ठेवायचा असतो. मी तो फ्लायव्हीलकडे ठेवला होता. प्लेटवर कुठली बाजू कुठे, ते छापलेलंही होतं. आठ मार्कांच्या आकृतीत ती बाजू मी बरोबर काढली होती. मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, ‘दादा, सगळ्यांचं एकदा होतं. दुसऱ्यांदा झालं तर सांगा.’ आणि प्लेट मध्यावर धरायला एका जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट काढून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या रविवारी मावसभाऊ आला नाही. मी एकटाच गाडीखाली असताना कुणीतरी उकिडवं बसून म्हणालं, ‘साहेब, तो बोल्ट आधी नाही काढायचा. वजन येईल.’ वॉचमनमामा. त्यांची ड्युटी आठला संपली होती, घरी निघाले होते. गेवराईकडचे. हायवेवरच्या एका गॅरेजात अकरा वर्षं काम केलेलं, पाठ गेली म्हणून सोडलं, पुण्यात येऊन एजन्सीतर्फे गेटवर उभे राहिले. आमच्या सोसायटीत ते दोन वर्षं होते. दोन वर्षं मी त्यांना रोज ‘काय मामा’ म्हणत होतो आणि त्यांना हे येतं हे मला माहीत नव्हतं. कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

मामांनी पाठीखाली माझी योगा मॅट घेतली आणि पहिल्या रविवारी जे करायला आम्हाला अख्खा दिवस लागला ते पावणेतीन तासांत करून दाखवलं. करून दाखवलं म्हणजे माझ्याकडून करून घेतलं. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम आवळायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे. आतली काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, ‘आमच्या उस्तादाचं फुफ्फुस त्यानंच गेलं’. शाफ्टच्या दातांना ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, जास्त लावलं तर उडून प्लेटवर जातं आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून घसरतो. हे शेवटचं माझ्या व्हिडिओत नव्हतं.

फोटो तेव्हाचा.

सोमवारी मला नोटीस आली. एक हजार दंड, पार्किंगचा गैरवापर. मी भरला. तळहाताएवढा ऑइलचा डाग पडला होता, तो भुसा टाकून, साबणाच्या पावडरीनं घासून काढला; दंडातला त्या डागापुरता भाग मला मान्य आहे. (चौथ्या मजल्यावर तीन महिने टाइल कटर चालला होता. तेव्हा ग्रुपवर गृहप्रवेशाच्या शुभेच्छा आल्या.) पण कमिटीनं एजन्सीलाही फोन केला. ‘तुमचा माणूस ड्रेसवर गॅरेजची कामं करतो.’ ड्युटी संपल्यानंतर, हे सांगायला मी गेलो तर सेक्रेटरी काका म्हणाले, ‘अरे, तुझं ठीक आहे, तू हौसेनं करतोस. त्यांना सवय लागते.’ मामांची बदली कायमच्या नाइट ड्युटीला झाली.

मी केलं तर हौस, त्यांनी केलं तर सवय. तोच पाना, तोच बोल्ट, तेच काळे हात. मी आंघोळ करून संध्याकाळी कॉफीला गेलो आणि मित्रांनी माझ्या फोटोला बदाम दिले. कामं वाटून घेणं वेगळं आणि काम करणाऱ्यांना एकावर एक पायऱ्यांवर बसवणं वेगळं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडून ठेवलंय. आमच्या सोसायटीत जात कुणी विचारत नाही, याचा सगळ्यांना अभिमान आहे. विचारायची गरजच नाही. कुणाचे हात काळे होणार ते ठरलेलं असलं की झालं.

‘सुशिक्षित’ या शब्दावर माझा मुख्य आक्षेप आहे. मराठी मध्यमवर्गात त्याचा अर्थ ‘ज्याला शिकवलं गेलंय’ असा उरलेला नाही. ‘ज्याला हातानं काही करावं लागत नाही’ असा झालाय. तुमच्या शाळेत कार्यानुभवाचा तास होता ना? काय केलंत? आम्ही आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड केलं. म्हणजे आईनं केलं. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात शालेय शिक्षणात कार्यानुभव हवा म्हणून शिफारस केली होती, त्याचं हे पेनस्टँड झालं. त्याच्याही आधी, १९३७ साली, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. तिला आम्ही इतिहासाच्या पेपरात दोन मार्क देतो.

आणि असं काही होऊच शकत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण पुण्याहून दीड-दोन तासांवर पाबळला ते झालंय. मारुती ८०० आली त्याच १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून तिथे विज्ञान आश्रम काढला. मुलांनी वेल्डिंग करायचं, बांधकाम करायचं, शेती करायची, वीज जोडायची आणि त्यातून विज्ञान शिकायचं. गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा खरोखर द्यायच्या, पेनस्टँड नाही. तो प्रयोग अनेक खेड्यांतल्या शाळांत गेला. शहरातल्या ‘चांगल्या’ शाळांच्या पालकांनी त्यासाठी रांगा लावल्याचं मात्र मी ऐकलेलं नाही. खेड्यातल्या मुलांनी हातानं शिकावं, आमची मुलं कोडिंग शिकतील.

आता मित्रांचे आक्षेप. सगळ्यात लाडका : ‘तुझा तासाचा रेट काय? चौदा तास घालवलेस, हा व्यवहार तोट्याचा आहे.’ राजमाचीचा ट्रेक केला तेव्हा रेट विचारला नव्हता. आयपीएलचे दोन महिने कुणाच्या खात्यात टाकायचे? यावर जास्त शाई घालवत नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मला टोचतो. चौकातल्या मिस्त्रींनी हेच काम पंधराशे मजुरीत केलं असतं. मी हौस केली आणि त्यांचे पंधराशे बुडवले. वर त्यांचा शाफ्ट फुकट वापरला. याला माझ्याकडे टाळ्या पडतील असं उत्तर नाही. गिअर ऑइल त्यांच्याकडून घेतलं, पुढचा क्लच त्यांच्याकडेच टाकणार आहे. पण एक गोष्ट बदलली आहे. याआधी मी त्यांच्याशी घासाघीस करायचो, ‘काय हो, चार बोल्टांचे एवढे?’ तो न दिसणारा बोल्ट स्वतः काढल्यावर हे वाक्य तोंडातून निघत नाही. पंधराशे फार कमी आहेत. माझ्या सोसायटीतले जे लोक वर्कशॉपमध्ये नऊ हजार मुकाट भरतात आणि चौकात दोनशेसाठी वाद घालतात, त्यांनी एकदा तरी गाडीखाली जाऊन यावं असं माझं मत आहे. मिस्त्रींचं पोट आपण पाना हातात घेतल्यानं मारलं जात नाही. ते कुठून मारलं जातं ते पाहा.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. कारण? अस्सल सुटे भाग आणि दोष शोधायची उपकरणं बाहेरच्या मेकॅनिकांना सहज मिळू दिली जात नव्हती. अपिलं झाली, खटले चालले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही आलं. चांगलं आहे. पण हा हक्क मागणार कोण? ज्याला वस्तू उघडायचीच नाही त्याला ती उघडता येते की नाही यानं काय फरक पडतो? हे तुम्ही ज्या फोनवर वाचताय त्याची पाठ बघा. दहा-बारा वर्षांपूर्वी ती नखानं उघडायची, बॅटरी हातात यायची, पाण्यात पडला तर तांदळाच्या डब्यात सगळे भाग वेगवेगळे ठेवायचो. आता ती गोंदानं चिकटवलेली आहे, आणि ते आपल्याला दिसायला छान वाटलं. युरोपीय संघानं २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता यावी असा नियम केलाय. तिथल्या लोकांनी तो मागितला. आपण कव्हर मागवलं.

बाबांचं सांगायचं राहिलं. दोन्ही रविवार ते गॅलरीतून बघत होते. खाली आले नाहीत, ग्रुपवरही काही लिहिलं नाही. दुसऱ्या रात्री गाडी निघाली तेव्हा चप्पल घालून उतरले आणि शेजारच्या सीटवर बसले. घाटापर्यंत जाऊन आलो. चढाला गाडी न ओरडता वर गेली. परत येताना म्हणाले, ‘आमच्या आजोबांचा बैलगाड्या दुरुस्त करायचा धंदा होता, माहितीय ना?’ मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षांत घरात हे कुणी बोललं नव्हतं. मी ‘का नाही सांगितलं?’ असं विचारलं, तर त्यांनी काच खाली केली आणि गार वारा येतोय म्हणाले.

वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. मी ठराव दिलाय. पाहुण्यांच्या पार्किंगमधली एक जागा महिन्यातून दोन रविवार, नऊ ते एक, स्वतःच्या वाहनाचं काम करायला मोकळी ठेवावी. ताडपत्री सक्तीची, घोड्या सक्तीच्या, जुनं ऑइल गटारात न टाकता डब्यात गोळा करून गॅरेजला द्यायचं. आणि एजन्सीला दुसरं पत्र द्यावं की ड्युटीनंतरच्या वेळेबद्दल सोसायटीची काहीही तक्रार नाही. अनुमोदनाला सही हवी होती. सतरा अंगठ्यांपैकी तिघांकडे गेलो. दोघांनी ‘बघू’ म्हटलं. तिसऱ्या काकूंनी सही केली आणि विचारलं, ‘माझ्या अ‍ॅक्टिव्हाचं पण बघशील का रे? ब्रेक फार कुरकुरतो.’

मामांच्या स्प्लेंडरची क्लच केबल तुटायला आली आहे, चार-पाच तारा उरल्यात. नवी मी आणून ठेवली आहे. त्यांची ड्युटी सकाळी आठला संपते. या रविवारी गेटच्या बाहेर, रस्त्यावर बसवणार आहोत.